डाएट चार्टमध्ये नसलेली आंबील

देगलूरच्या बसस्टँडवर मला सोडायला माय एकटीच आली होती. धाकट्या भावाची, मिलिंदची, परीक्षा चालू होती आणि बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. नांदेडला नर्सिंगचा कोर्स संपवून मी हैदराबादच्या एका खाजगी दवाखान्यात नोकरीला निघाले होते. गाडी लागली. मी खिडकीत बसल्यावर मायनं पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्या हातात दिला. मला वाटलं, भाकरी असेल. आमच्या घरात दुसरं काय असायचं? झाकण उघडून बघितलं तर गव्हाच्या पुऱ्या. गहू आमच्याकडे सणालाच दिसायचा, आणि त्या दिवशी कुठलाच सण नव्हता.

खिडकीच्या गजाला धरून ती हळू आवाजात म्हणाली, "तिथं भाकरीचं, आंबिलीचं नाव काढू नको. लोक खातेत ते खायचं. भाकरीवरून वळखतेत लोक, कोण हाय, कुठली हाय."

मी मान हलवली. गाडी हलली. पुढची बावीस वर्षं मी तिचं ऐकलं. आता ऐकत नाही, आणि ते कसं झालं तेच सांगायला बसले आहे. गावात राहिलेल्या माझ्या माणसांसाठी, आणि माझ्यासारखा डबा घेऊन कुठे कुठे निघून गेलेल्यांसाठीही.

मायला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. शाळेत मधल्या सुट्टीत मी भिंतीकडे तोंड करून भाकरी खायचे, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या पोरींच्या डब्यात पोळी असायची. आमच्या वस्तीतल्या पोरी ज्वारी खाणाऱ्या, हे सांगायला कुणाला वेगळी पाटी लावावी लागत नव्हती. आपल्या लेकीनं नव्या शहरात तरी भिंतीकडे तोंड करू नये, एवढंच तिला हवं होतं.

आणि खरं सांगते, हैदराबादनं मला तसं करायला कधी लावलं नाही. आमचं नर्सेस हॉस्टेल जामबाग भागात होतं. फाटकाबाहेर एक टिफिन बंडी लागायची. इथे टिफिन म्हणजे सकाळचा नाश्ता आणि बंडी म्हणजे गाडा. इडली, वडा, पुरी, उपमा, वर शेंगदाण्याची पातळ चटणी. त्या बंडीसमोर सगळे उभ्यानंच खायचे. कॉलेजातली पोरं, बँकेतले साहेब, झाडूवाल्या अम्मा आणि मी. कुणी कुणाला गाव विचारत नव्हतं, आडनाव तर नाहीच. पहिल्या दिवशी मी तीन इडल्या मागितल्या, बंडीवाल्यानं चार वाढल्या आणि म्हणाला, "खाव अम्मा, परवा लेदु." काही हरकत नाही, खा. शहर माझ्याशी बोललं ते हे पहिलं वाक्य. त्या इडलीचे उपकार मी आजही मानते. त्यामुळे इडली वाईट, आमचंच चांगलं, असलं काही ऐकायला मिळेल या आशेनं वाचत असाल तर इथेच थांबा.

लग्न झालं, दिलसुखनगरला घर केलं, यशूचा जन्म झाला. माझी भाषा बदलली. "नको"चं "नक्को" झालं, "हो"चं "हौ" झालं. सकाळची शिफ्ट सातची. म्हणजे मी कधी दोन बिस्किटं आणि चहावर निघायचे, कधी मेट्रोतून उतरल्यावर बंडीवर चार पुऱ्या खायचे. बिस्किटं खाल्ली की दहाला डोळ्यांपुढे काजवे. पुऱ्या खाल्ल्या की दहाला डोळ्यांवर झोप. चाळिशी उलटल्यावर वजन वाढलं, रक्तातली साखर काठावर येऊन बसली. दुसऱ्यांना रोज पथ्य सांगणारी मी, स्वतःचा रिपोर्ट घडी घालून पर्समध्ये ठेवून दिला.

मग तो दिवस आला. अकराच्या सुमाराला मी एका आजोबांना सलाईन लावत होते. हजारो वेळा केलेलं काम. पण हात थरथरायला लागला. सुई शिरेबाहेर गेली. दुसऱ्यांदाही गेली. तिसऱ्या वेळी आजोबा "अय्यो" म्हणून कळवळले आणि त्यांच्या मुलानं माझा हात धरून बाजूला केला. मॅट्रन मॅडम दारातच उभ्या होत्या. त्या मला ओरडल्या नाहीत. बाहेर नेऊन एका खुर्चीवर बसवलं, साखरेचं पाणी दिलं आणि म्हणाल्या, "सुजाता, तू सध्या फाइल काउंटरला बस."

आमच्याकडे 'सध्या' या शब्दाचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. माझ्याआधी दोन सिस्टर 'सध्या' फाइल काउंटरला गेल्या होत्या. एकीनं वर्षभरात नोकरी सोडली, दुसरीला सोडायला लावली. फाइलींना हात लावायला नर्स लागत नाही, हे ऑफिसच्या लक्षात यायला फार वेळ लागत नाही. घरी येऊन मी यशूच्या बाबांनाही सांगितलं नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

मॅडमनी मला दवाखान्याच्या डाएटिशियनकडे पाठवलं. केतकी तिचं नाव. पुण्याची, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. नवरा आयटीत म्हणून ती इकडे आलेली. मराठी बोलायला कुणी सापडलं याचा तिला मनापासून आनंद झाला. तिनं मला छापील चार्ट दिला. सकाळी: कॉर्नफ्लेक्स, साय काढलेलं दूध, अर्धं केळं, चमचाभर मध. किंवा ओट्स. किंवा ब्राउन ब्रेडचा एक स्लाइस. कमी कॅलरी, झटपट.

तीन आठवडे मी तो चार्ट अक्षरशः पाळला. कॉर्नफ्लेक्स खाऊन निघायचे आणि साडेनवाला पोटात आग पडायची. मग कँटीनमध्ये एक बिस्किट. मग अजून एक. मग स्वतःचाच राग. वजनाचा काटा आहे तिथेच. केतकी म्हणायची, "सिस्टर, थोडी विलपॉवर लागते." मी बाविसाव्या वर्षी परक्या शहरात एकटी आले, दोन-दोन रात्रपाळ्या सलग केल्या, बाळंतपणानंतर पंचेचाळिसाव्या दिवशी कामावर उभी राहिले. इच्छाशक्ती कशी असते ते मला एका कॉर्नफ्लेक्स खाणाऱ्या मुलीनं शिकवावं, हे मनाला फार लागलं. पण बोलले नाही. वॉर्ड परत हवा होता.

त्याच महिन्यात माय डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आली. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं माझी वाटी बघत.

"हे काय खायलीस?"

"नाश्ता. वजन कमी करायचं सांगितलंय."

"आन् पोट भरतंय त्यानं?"

मग काय झालं कोण जाणे, वाटी खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. आजोबांचा हात, काउंटर, 'सध्या', सगळं. मायनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "ज्वारीचं पीठ हाय का घरात?"

नव्हतं. बावीस वर्षं माझ्या घरात ज्वारीचं पीठ आलं नव्हतं. मी म्हणाले, "तूच म्हणली होतीस ना, नाव काढू नको म्हणून?"

"तवा तुला इथं टिकायचं होतं," माय म्हणाली. "आता टिकलीस की. आता कामून भ्यायलीस?"

त्या संध्याकाळी मी दिलसुखनगरच्या किराणा दुकानात गेले. ज्वारी कुठे मिळेल विचारताना आवाज उगाचच खाली गेला. दुकानदार मात्र मोठ्यानं आत ओरडला, "जोन्नलु, दोन किलो!" जोन्नलु म्हणजे ज्वारी. शेजारची बाई साधी वळूनही बघेना. तिच्या पिशवीतही तेच होतं. मी तिथेच उभी राहून स्वतःला हसले. ज्या गोष्टीला मी एवढी वर्षं घाबरत होते, ती अर्धं दिलसुखनगर दर आठवड्याला पिशवीतून घरी नेत होतं.

येताना गिरणीतून दळून आणली, आणि रात्री मायनं दोन चमचे पीठ ताकात कालवून ठेवलं. सकाळी ते चांगलं आंबलं होतं. पाण्याला उकळी आणली, त्यात ठेचलेला लसूण, जिरं, मीठ घातलं आणि ते पीठ हळूहळू सोडत ढवळत राहिली. तेल नाही, तूप नाही, गूळ नाही. सोबत मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ, तीही नावाला तेल टाकून. पहिला घोट घेतला आणि मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. डोळे भरून आले नाहीत, गाव आठवलं नाही. आंबट-खारट चव लागली, छान लागली, आणि मी मेट्रो पकडायला पळाले.

गंमत अकरा वाजता झाली. म्हणजे काहीच झालं नाही. फाइलींवर शिक्के मारता मारता घड्याळाकडे बघितलं तर अकरा वाजून गेले होते आणि मला भूक लागल्याचं आठवतच नव्हतं. एक वाजता लागली, सरळ जेवणाची भूक. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. मी नर्स आहे, नुसत्या वाटण्यावर माझा विश्वास नाही. रोज नाश्त्याआधी आणि दोन तासांनी बोटाला टोचून साखर बघत होते. इथे आकडे देत नाही, प्रत्येकाचं शरीर वेगळं, आपापल्या डॉक्टरला विचारून करा. पण कॉर्नफ्लेक्स आणि मधाच्या दिवसांपेक्षा माझे आकडे शहाण्यासारखे वागत होते, एवढं नक्की.

भांडण झालं ते मी आंबील दवाखान्यात नेली तेव्हा. शिफ्टच्या गडबडीत घरी प्यायला वेळ झाला नाही म्हणून डब्यात भरून नेली आणि स्टाफरूममध्ये उघडली. एकीनं नाकाला रुमाल लावला. "क्या खट्टा वास आरा, सिस्टर." माझा हात झाकणाकडे गेला. जुनी सवय. तेवढ्यात महबूबनगरकडची पद्मा, माझ्याच वयाची सिस्टर, वाकून डब्यात बघत ओरडली, "अरे! ये तो अंबली है! हमारे गांव में बी येच पीते, धूप में काम को जाने के पैले." आणि न विचारता तिनं माझ्या डब्याच्या झाकणात ओतून घेतली. मराठीत आंबील, तेलुगूत अंबली. मधे एक सीमा आहे म्हणतात. ज्वारीला ती कुणी सांगितली नसावी.

पण तक्रार गेलीच. दुपारी केतकीनं बोलावलं. "सिस्टर, तुम्ही चार्ट पाळत नाही असं कळलं. काय खाताय सध्या?"

"आंबील. ज्वारीची."

ती क्षणभर गोंधळली. "आंबील? म्हणजे ते आमच्याकडे पूर्वी कामवाल्या बायका…" आणि तिथेच थांबली. चेहरा लाल झाला. तिच्या मनात वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण न बोलण्याचे दिवस संपले होते.

"हो," मी म्हणाले. "कामवाल्या बायकांचंच आहे. माझी आई पहाटे हेच पिऊन खुरपायला जायची आणि दुपारपर्यंत वाकलेली असायची. ती काम करायची म्हणूनच ते खायची, मॅडम. कॉर्नफ्लेक्सवर खुरपून बघा एकदा."

आता नोकरी गेली, असंच वाटलं मला. आणि गंमत म्हणजे भीती वाटेना. मी पुढे म्हणाले, "तुमच्याकडे काटा आहे ना? मोजा. पीठ मोजा, ताक मोजा, मटकी मोजा. तुमच्या वाटीपेक्षा कॅलरी जास्त भरल्या तर उद्यापासून ओट्स."

केतकीचं मला हेच आवडलं, की तिनं मोजलं. दुसऱ्या दिवशी मी पीठ, ताक, मटकी सगळं वेगवेगळ्या डब्यांत नेलं. तिनं काटा काढला, पुस्तक काढलं, कागदावर बराच वेळ बेरजा केल्या. मग पेन ठेवून म्हणाली, "दूध, केळं, मध धरलं तर माझीच वाटी जड होतेय. आणि प्रोटीन तुमच्या मटकीत जास्त आहे. फायबरही." काटा आवरत म्हणाली, "मला हे आधी विचारायला हवं होतं. तुम्ही घरी काय खाता, हे मी कुणालाच विचारत नाही."

"मग आता लिहा चार्टमध्ये."

"मिलेट पॉरिज असं लिहू का? जरा बरं दिसेल."

"नको. आंबील लिहा. खाली तेलुगूत अंबली. ज्यांना वाचायचंय त्यांना कळतं."

ती हसली आणि तिनं तसंच लिहिलं. शिवाय मॅट्रन मॅडमकडे तीच गेली. मॅडमनी मला बोलावून एवढंच विचारलं, "वॉर्डात उभी राहशील?" मी म्हणाले, "आठ दिवस ठेवून बघा. हात थरथरला तर मी स्वतः राजीनामा आणून देईन." आज वाटतं, हे बोलायला नको होतं. घरात यशूची दहावी होती. पण बोलले.

पाचव्या दिवशी नारायणखेडकडची एक म्हातारी आली, जुलाबांनी वाळून गेलेली. शिरा इतक्या बसलेल्या की दोघींनी प्रयत्न करून सोडून दिलं होतं. पावणेबारा वाजले होते. पहाटे साडेपाचपासून मी पायावर होते. मी तिचा हात कोमट कपड्यात गुंडाळला, थांबले, मनगटाच्या वर बोटानं चाचपत राहिले, आणि सुई आत गेली. रक्त मागे आलं. सलाईन चालू झालं. म्हातारीला कळलंही नाही, ती छताकडे बघत पुटपुटत होती. मॅट्रन मॅडम दाराशी होत्या, सलाईन चालू झालेलं बघून त्या पुढे निघून गेल्या. फाइल काउंटरला मी नंतर कधी बसले नाही.

वजन उतरायला सात-आठ महिने लागले. साखर काठावरून मागे सरकली आहे, अजून मागे जायची आहे. उन्हाळ्यात मी आंबील ताकानं पातळ करते, थंडीत अर्धी भाकरी आणि वाटीभर वरण खाते, रविवारी नवऱ्याबरोबर इडलीही खाते, दोन. यशूला आंबील आवडत नाही. "मम्मी, मेरेकू नक्को," म्हणून ती डोसा मागते, आणि मी तिला डोसा करून देते. तिनं काय खावं याबद्दल माझा हट्ट नाही. जे खाईल ते तिनं चारचौघांत खावं, एवढंच मला हवं आहे. मराठी वाचताना ती अडखळते, म्हणून ही पानं तिला मीच वाचून दाखवणार आहे.

माय डोळा बरा झाल्यावर गावी परतली. मी राहा म्हणाले, ती म्हणाली, "माझं घर हाय की मला." मागच्या दिवाळीत मी चार दिवस गेले. पहिल्या सकाळी भावजयीनं चहा आणि टोस्ट पुढे ठेवले. मिलिंद आता बी-बियाण्यांच्या दुकानात बसतो, त्याला साखरेची गोळी चालू झाली आहे. दहा वाजले की दुकानात पेंग येते, म्हणाला. मी ज्वारीचं पीठ मागितलं, तर घरात नव्हतं. शिवारात सगळं सोयाबीन. भावजय म्हणाली, "ताई, आता भाकरी कोण खातंय? आलेला पाहुणा काय म्हणंल?"

मी ज्या घरातून निघाले, ते घर मी निघाले त्या जागी थांबलेलं नव्हतं. मीही नव्हते. गावात मला 'हैदराबादवाली' म्हणतात आणि स्टाफरूममध्ये 'गावाकडची'. दोन्ही बरोबर आहे, आणि यातलं एक निवडा म्हणणाऱ्याला माझं उत्तर आहे, निवडत नाही. घर कुठलं असं कुणी आता विचारलं तर मी पत्ता सांगत नाही. ज्या घरात मला माझं ताट झाकावं लागत नाही, ते माझं. असं घर मी जाईन तिथे मांडणार, मग ते दिलसुखनगर असो की देगलूर.

बॅगेतून मी पिठाची पिशवी काढली. दिलसुखनगरच्या गिरणीतून दळून आणलेलं पाच किलो. रात्री ताकात कालवलं, सकाळी चुलीवर शिजवलं. मिलिंदनं आधी नाक मुरडलं, मग एक वाटी प्यायली, मग दुसरी मागितली. "कुठली ज्वारी गं ही?"

"हैदराबादची."

तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. भावजयीनं पदर तोंडाला लावत ओसरीचं दार लोटून घेतलं, कारण गल्लीतून शेजारच्या बाया पाण्याला चालल्या होत्या. माय भिंतीला टेकून बसली होती. तिनं आपली वाटी भरून घेतली, उठली, दार पुन्हा सताड उघडलं आणि उंबऱ्यावर जाऊन बसली, गल्लीकडे तोंड करून, एकेक घोट घेत.